वणवा कोणीं विझवावा?



महाभारताच्या आदिपर्वांत खांडववन जळाल्याची कथा आहे. अग्नीला तें वन भक्षण करावयाचें होतें, इंद्र पाऊस पाडून तें वाचवूं पाहत होता, आणि श्रीकृष्ण व अर्जुन यांनीं अग्नीचा पक्ष घेतला. लहानपणीं ही कथा ऐकतांना आम्हां मुलांचें लक्ष अर्जुनाच्या बाणांकडे असे. त्या वनांत राहणाऱ्या जिवांकडे नसे. पुढें मास्तरकीच्या निमित्तानें जुन्या चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडील रानांत माझीं उमेदीचीं वर्षें गेलीं, आणि मग या कथेंत मला निराळाच प्रश्न दिसूं लागला. वन पेटविणारे पुष्कळ असतात, पेटलेलें वन लांबून पाहणारेहि पुष्कळ असतात. पण तें विझविण्याचें काम कोणाचें? सरकारचें, कीं वनाच्या कांठीं राहणाऱ्या माणसांचें? आणि ज्यांचें तें काम म्हणावें, त्यांना तें शिकवावयाचें कोणीं? या प्रश्नाचा थोडासा इतिहास आज आपणांपुढें मांडावा असा विचार आहे.

प्रथम प्रदेशाची ओळख करून घेऊं. ज्याला आज आपण चंद्रपूर म्हणतों तो जिल्हा इंग्रजी अमलांत चांदा या नांवानें ओळखला जाई. १९६४ सालीं त्याला चंद्रपूर हें नांव मिळालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचा पूर्वेकडील भाग वेगळा काढून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. गडचिरोलीचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून दहा हिश्शांपैकीं सुमारें सात हिस्से रानानें व्यापलेले आहेत. महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोणत्याहि जिल्ह्यांत इतकें रान नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतहि सुमारें तिसरा हिस्सा रान आहे. ताडोब्याचें अरण्य त्याच जिल्ह्यांत. साग, ऐन, बीजा, धावडा, मोहा, टेंभुर्णी आणि बांबू ही या रानाची मुख्य संपत्ति.

हें रान पानझडीचें आहे. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनीं सह्याद्रीच्या माथ्यावरील सदा हिरवें रान डोळ्यांपुढें आणूं नये. माघ संपत आला म्हणजे सागाचीं थाळ्यांएवढालीं पानें गळूं लागतात. फाल्गुनांत जमिनीवर पाचोळ्याचा थर सांचतो, गवत वाळून कडकडीत होतें, आणि वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो. अशा जागीं एक ठिणगी पुरते. वनखातें १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंतचा काळ वणव्याचा हंगाम म्हणून धरतें, तें यामुळेंच.

आमच्याकडील वणवा चित्रपटांत दाखवितात तसा झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेत येत नाहीं. तो बहुधा जमिनीवरून सरपटत जातो. पाचोळा, गवत, काटक्या आणि कोवळीं रोपें खात जातो. मोठें झाड उभेंच राहतें, आणि वरवर पाहणाऱ्यास वाटतें कीं कांहीं बिघडलें नाहीं. पण खालची एक पिढी नाहींशी झालेली असते. सागाचें रोप मुळापासून पुन्हां फुटतें, हें खरें. परंतु दर वर्षीं फुटावें आणि दर वर्षीं जळावें, असें दहा वर्षें चाललें तर त्याचें झाड व्हावें केव्हां? शिवाय पाचोळ्याचें पांघरूण गेलें कीं मृगाचें पाणी जमिनींत मुरण्याऐवजीं मातीसह ओढ्याला मिळतें. जमिनीवर घरटें करणारे पक्षी, ससे, सरडे, कासवें यांची तर गणतीच नको.

आग लागते कशी? बांबूवर बांबू घासून वणवा पेटतो, असें आपण शाळेंत ऐकलेलें असतें. प्रत्यक्षांत जवळजवळ प्रत्येक वणव्यामागें माणसाचा हात असतो. मोहाचीं फुलें मार्च-एप्रिलांत पहांटे गळतात. तीं वेंचतां यावींत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात, आणि ती आग कित्येकदां तशीच सोडून दिली जाते. विडीसाठीं लागणारीं तेंदूचीं, म्हणजे टेंभुर्णीचीं, कोवळीं पानें भरपूर फुटावींत म्हणून कांहीं जण झुडपांना आग लावतात. कोणी शेताचा बांध जाळतो आणि आग हद्द ओलांडते. कोणी वाटसरू विडीचें जळतें थोटूक टाकून पुढें जातो. यांतील बहुतेक माणसें रानाचीं वैरी नसतात. मोहा वेंचणारी बाई तर रानाची लेंकच. त्या फुलांवर तिच्या घरचा मीठमसाला चालतो. म्हणूनच नुसत्या दंडाच्या भीतीनें हा प्रश्न सुटला नाहीं, आणि सुटणारहि नाहीं.

आतां इतिहासाकडे वळूं. १८५४ सालीं नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा झालें, आणि १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. त्या वेळीं हिंदुस्थानभर रेल्वेचे रूळ घालण्याचें काम जोरांत होतें, व रुळांखालच्या स्लीपरांसाठीं टिकाऊ लांकडाची मागणी प्रचंड होती. रान हें तिजोरींत भर घालणारें धन आहे, आणि तें संपूंहि शकतें, हें सरकारच्या ध्यानांत आलें. १८६४ सालीं वनखातें स्थापन झालें. डीट्रिख ब्रँडिस नांवाचे जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचे पहिले मुख्य अधिकारी. पाठोपाठ १८६५ सालीं पहिला वनकायदा झाला.

खातें निघालें, पण वणवा थांबवावा कसा? त्या काळच्या बहुतेक अंमलदारांना ही गोष्ट अशक्य वाटे. उन्हाळा आला कीं रान जळावयाचेंच, अशी समजूत होती. ती प्रथम मोडली कर्नल पिअर्सन या अधिकाऱ्यानें, आणि तीहि आमच्याच मध्यप्रांतांत. सातपुड्यांतील बोरीच्या जंगलांत १८६४ च्या सुमारास त्यानें आगीपासून रान राखून दाखविलें. हिंदुस्थानांतील वणवा-संरक्षणाचा हा पहिला यशस्वी प्रयोग म्हणून वनविद्येच्या इतिहासांत नोंदला गेला आहे.

युक्ति तशी साधी आहे, पण ती समजून घेण्याजोगी आहे. आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, उष्णता आणि हवा. घरांतील आग आपण पाण्यानें थंड करतों, किंवा घोंगडी टाकून तिची हवा तोडतों. रानांत मैलोगणती पाणी नेतां येत नाहीं, आणि हवा तर कोणाच्याच हातची नाहीं. राहतां राहिलें जळण. तेव्हां वणव्याच्या हंगामापूर्वींच रानांतून पट्टे आंखावयाचे, त्यांवरील गवत-पाचोळा कापून, गोळा करून, माणसांच्या देखरेखीखालीं जाळून टाकावयाचा. पुढें आग आली तरी त्या उघड्या पट्ट्यापाशीं तिला खावयास कांहीं मिळत नाहीं. यालाच आज वनखात्याच्या बोलींत जाळरेषा म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे फेब्रुवारीच्या मध्याआधीं या रेषा साफ करण्याची एकच घाई चालते.

पण एक अडचण पहिल्या दिवसापासून होती. रेषा स्वतः आग विझवीत नाहीं. ती फक्त माणसाला उभें राहण्यास जागा देते. तिच्यावर उभें राहणारें माणूस कोठून आणावयाचें? वनरक्षक एक, आणि त्याच्या ताब्यांतील रान कोसभर पसरलेलें. यावर सरकारनें दोन उपाय केले. एक म्हणजे रानाच्या आंत वनग्रामें वसविलीं. तेथील कुटुंबांना कसावयास जमीन द्यावयाची, आणि त्याच्या मोबदल्यांत त्यांनीं खात्याच्या कामाला, त्यांत आग विझविण्यालाहि, हजर व्हावयाचें. दुसरा उपाय कायद्याचा. १९२७ चा भारतीय वनकायदा आजहि चालू आहे. त्याच्या २६ व्या कलमानें राखीव रानांत आग लावणें हा गुन्हा ठरविला आहे; आणि ७९ वें कलम सांगतें कीं, ज्याला राखीव वा संरक्षित रानांत कांहीं हक्क आहे, त्यानें वणवा कळतांच, अधिकाऱ्यानें सांगितलें असो वा नसो, तो विझविण्याचा यत्न केला पाहिजे. मौज अशी कीं, रानाला लागून असलेल्या गांवांतील सरकारी नोकरांवरहि हेंच बंधन आहे. म्हणजे माझ्यासारखा गांवचा मास्तरहि त्या बंधनांत होता! हें कलम माझ्या वाचनांत आलें तें निवृत्त झाल्यानंतर. ज्यांच्यावर कर्तव्य लादलें त्यांना तें सांगितलेंहि नव्हतें. मग शिकविण्याची गोष्ट दूरच.

येथें या साऱ्या व्यवस्थेचें मर्म सांपडतें. रान राखीव झालें आणि गांवकरी परका झाला. कालपर्यंत ज्या रानांतून तो गवत, लांकूड, कंदमुळें आणीत असे, तेथें आज त्याला परवाना लागूं लागला. पण आग लागली कीं मात्र त्यानें धांवावयाचें. या दुःखाचा स्फोट ठिकठिकाणीं झाला. १९२१ सालीं हिमालयाच्या कुमाऊं भागांत वनखात्याच्या निर्बंधांविरुद्ध असंतोष माजला आणि राखीव रानांना आगी लावल्या गेल्या. आमच्या शेजारीं पुसद येथें १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं राखीव रानांतील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. पुसदचा मार्ग अहिंसेचा होता, कुमाऊंचा आगीचा. पण दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच : हें रान कोणाचें?

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. प्रत्येक आग वाईटच, हा साहेबी वनशास्त्राचा आरंभींचा सिद्धांतहि पुढें त्यांच्याच अनुभवानें ढिला पडला. ब्रह्मदेशांतील ओलसर सागवानी रानांत वर्षानुवर्षें आग रोखली, तेव्हां बांबू व झुडपें माजून सागाचीं नवीं रोपें येईनातशीं झालीं. तेव्हां विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील कांहीं रानांतून वणवा-संरक्षण मागें घ्यावें लागलें. यावरून आग लावावी असा अर्थ कोणीं काढूं नये. आमचें रान त्याहून कोरडें, आणि आतां तें दर वर्षीं अनेक ठिकाणीं जळतें. तात्पर्य येवढेंच कीं, आग ही केवळ हुकुमाची बाब नाहीं. कोठें, केव्हां आणि कोणती, हें जाणण्याची ती विद्या आहे. ती विद्या कांहीं अंशीं पुस्तकांत आहे आणि कांहीं अंशीं रानांतील वृद्धांच्या डोक्यांत आहे.

याचा मला आलेला अनुभव सांगतों. १९८४ सालची गोष्ट. नवा जिल्हा होऊन दोनच वर्षें झालीं होतीं, आणि मी एका लहानशा गांवच्या शाळेंत नवा मास्तर होतों. चैत्रांतील एका दुपारीं शाळेमागच्या टेकडीवर धूर दिसला. गांवांतील पंधरा-वीस माणसें हिरव्या डहाळ्या घेऊन निघालीं, मीहि निघालों. कोणीं बोलाविलें नव्हतें. तरुण रक्त आणि गुरुजीपणाचा थोडा ताठा, येवढेंच कारण. अंगांत टेरिलीनचा सदरा, पायांत चपला. आगीला समोरून अडवावें, अशा हिशेबानें मी चढावर तिच्या वरच्या अंगास जाऊन उभा राहिलों. याहून मोठी चूक नाहीं, हें तेव्हां मला ठाऊक नव्हतें. चढावर आगीच्या ज्वाळा वरच्या बाजूस झुकतात आणि पुढचें गवत आधींच तापवून ठेवतात. म्हणून ती सपाटीपेक्षां कितीतरी वेगानें धांवते. वाऱ्याची एक झुळूक आली, आणि पेटतें गवत माझ्याकडे येऊं लागलें. मी वळून माथ्याकडे पळणार, इतक्यांत बाजूनें एका वृद्ध गोंड गृहस्थांची हाक आली : "गुरुजी, तिकडं नका जाऊ जी! इकडं या, जळल्या जागी. जळलं ते पुन्हा जळत नाही." जेथें ज्वाळा गुडघ्याच्या खालीं होती अशा ठिकाणाहून त्यांनीं माझा दंड धरून मला ओढून काळ्या जमिनीवर नेलें. सदऱ्याची बाही वितळून हाताला चिकटली. तिचा व्रण अजून आहे. त्या आजोबांनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. त्या दिवशीं शिकविणारे ते होते आणि शिकणारा मी.

कित्येक वर्षांनीं अमेरिकेंतील एका वणव्याची हकीकत माझ्या वाचनांत आली, आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलों. ५ ऑगस्ट १९४९ रोजीं मोंटाना प्रांतांतील मान गल्च नांवाच्या घळींत विमानांतून उतरलेल्या तरुण अग्निशामकांच्या तुकडीवर आग उलटली. सारे चढावरून पळत सुटले. त्यांचा नायक वॅग्नर डॉज थांबला. त्यानें आपल्या पुढचें गवत स्वतःच पेटविलें, तें जळून गेल्यावर त्या काळ्या जागेंत तो पालथा पडला, आणि इतरांना तेथें येण्यास सांगूं लागला. त्याचें म्हणणें कोणाच्याहि ध्यानांत आलें नाहीं. कारण ही युक्ति त्यांना कोणीं शिकविलीच नव्हती. तेरा जण मेले. डॉज वांचला. जळलेलें पुन्हां जळत नाहीं, हें ज्ञान त्याला ऐन वेळीं सुचलें. पण ऐन वेळीं तें दुसऱ्याला देतां आलें नाहीं. ज्ञान आगीच्या आधीं द्यावें लागतें. पुढें १९५७ सालीं अमेरिकेच्या वनखात्यानें अग्निशामकांसाठीं दहा नियम घालून दिले, त्यांच्यामागें अशाच दुर्घटनांची आठवण होती.

स्वयंसेवकांची गोष्ट मात्र ऑस्ट्रेलियाकडून शिकण्यासारखी आहे. १३ जानेवारी १९३९ या दिवशीं व्हिक्टोरिया प्रांतांत भयंकर वणवे भडकले. त्या वणव्यांत ७१ माणसें गेलीं. न्यायमूर्ति स्ट्रेटन यांच्या चौकशीनंतर तेथें विचार सुरू झाला, आणि १९४५ सालीं ग्रामीण अग्निशमनासाठीं एक स्वतंत्र मंडळ कामाला लागलें. त्याचा मुख्य आधार म्हणजे गांवोगांवचे स्वयंसेवक : शेतकरी, दुकानदार, शिक्षक. मात्र त्यांना शिक्षण असतें, साधनें असतात, आणि आगीच्या जागीं कोणीं कोणाचा हुकूम मानावयाचा हें आधींच ठरलेलें असतें. हौशी माणूस आणि स्वयंसेवक यांतील अंतर तें हेंच.

आपल्याकडे वारें बदललें तें १९८० नंतर. भोपालपट्टनम व इंचमपल्ली या धरणांविरुद्ध १९८४ च्या सुमारास या भागांत 'जंगल बचाओ, मानव बचाओ' चळवळ उभी राहिली. तिच्यांतून स्फूर्ति घेऊन धानोरा तालुक्यांतील मेंढा या लहानशा गोंड गांवानें आपल्या रानाचा कारभार स्वतः पाहण्याचें ठरविलें. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल हीं नांवें आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचीं असतील. त्या गांवाची रीत अशी कीं, निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वांच्या सहमतीनें घ्यावयाचा. आणि निर्णयापूर्वीं अभ्यासगटांत बसून विषय समजून घ्यावयाचा. रानाला आग लावावयाची नाहीं, हा गांवानें स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांपैकीं एक. ज्या गोष्टीसाठीं कायद्याला शिक्षेचा धाक दाखवावा लागे, ती गांवानें आपण होऊन पत्करली.

पुढें १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनें लोकांचा सहभाग तत्त्वतः मान्य केला; महाराष्ट्रांत १९९२ पासून संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समित्या निघूं लागल्या. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तर ग्रामसभेला आपल्या पारंपरिक रानाचें रक्षण करण्याचा अधिकारच दिला. २००९ सालीं मेंढ्याला सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. अशा हक्कांत तो देशांतील अगदीं पहिल्यांपैकीं. २०१२ सालीं चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यांतील पाचगांवला सुमारें एक हजार हेक्टरांचा हक्क मिळाला. त्या ग्रामसभेनें तेंदूपानें तोडणेंच बंद केलें. कारण त्यापायीं झाडें छाटलीं जातात आणि रानाला आगी लागतात. पान तोडून मिळणारे रोख पैसे गरीब गांवानें आपल्या हातानें नाकारले, याची किंमत शहरांत बसून आपल्याला सहज कळावयाची नाहीं.

दुसरीकडे शास्त्रहि पुढें गेलें. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्यानें वणव्यांचा ठाव घेते. आरंभीं ज्या उपग्रह-यंत्रावर काम चाले, तें एक किलोमीटरच्या चौकटींतील आग ओळखी. आतां ३७५ मीटरांच्या चौकटींतील ओळखतां येते. सूचना थेट मोबाइलवर जाते. त्या संस्थेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणें देशांतील ३६ टक्क्यांहून अधिक रान वारंवार वणवा लागण्याजोगें आहे; आणि वणव्यांच्या यादींत गडचिरोलीचें नांव पुन्हां पुन्हां वर येतें. पण उपग्रह पाहतो, विझवीत नाहीं. संदेश पोंचला तरी डोंगर चढून तेथें जावें लागतें तें माणसालाच, आणि सर्वांआधीं जो पोंचतो तो बहुधा जवळच्या पाड्यावरचा गांवकरी किंवा चार महिन्यांसाठीं रोजावर लावलेला मजूर असतो.

म्हणून मला आज जें आग्रहानें सांगावयाचें आहे तें हें. ८ एप्रिल २०२१ रोजीं, आमच्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यांत, नागझिऱ्याच्या अरण्यांत वणवा विझवितांना तीन हंगामी मजूर मृत्युमुखीं पडले. त्याच्या आदल्या वर्षीं, १६ फेब्रुवारी २०२० रोजीं, केरळांतील त्रिशूर जिल्ह्यांत तीन वनपहारेकरी असेच गेले. शौर्यांत हीं माणसें कोणाला हार जाणारीं नव्हतीं. पण आगीला शौर्य कळत नाहीं. तिला कळतो तो वारा, चढ आणि वाळलेलें गवत. ग्रामसभेला रानाचा अधिकार मिळाला, तेव्हां रानासाठीं मरण्याचा धोकाहि तिच्याकडे आला. आणि अधिकाराच्या कागदाबरोबर शिक्षण आलें नाहीं, तर तो कागद अपुरा आहे.

हें शिक्षण फार अवघड नाहीं. चार-सहा दिवसांत त्याचा पाया घालतां येतो. पहिला पाठ कपड्यांचा : अंगभर सुती कपडे, पायांत जाड बूट, डोक्याला ओला रुमाल, नायलॉन, टेरिलीन अंगावर नको. दुसरा पाठ पाहण्याचा : वारा कोठून येतो, चढ कोणीकडे आहे, गवत कोठें दाट आहे, हें आधीं पाहावयाचें. भर दुपारीं आग सर्वांत अवखळ असते. रात्रीं व पहांटे हवा दमट झाली म्हणजे ती मंदावते, व तेव्हां केलेलें थोडें काम दुपारच्या पुष्कळ कामाइतकें फळतें. तिसरा पाठ जागेचा : आगीच्या तोंडापुढें उभें राहावयाचें नाहीं, चढावर तिच्या वर तर कधींच नाहीं. जळून गेलेल्या जागेपासून आरंभ करून बाजूबाजूनें तिला चेंपीत जावयाचें. चौथा पाठ सोबतीचा : एकट्यानें जावयाचें नाहीं; एक माणूस उंचावर पहाऱ्याला ठेवावयाचा; खुणेची शिट्टी ठरवावयाची; सुटकेची वाट आणि आसऱ्याची जागा हीं काम सुरू करण्यापूर्वींच सर्वांनीं डोळ्यांनीं पाहून ठेवावयाचीं; जातांना माणसें मोजावयाचीं आणि येतांना पुन्हां मोजावयाचीं. पांचवा पाठ शेवटचा आणि सर्वांत कंटाळवाणा : आग विझल्यासारखी दिसली तरी घरीं जावयाचें नाहीं. पोकळ खोड, जुना बुंधा, शेणाची गोवरी आंतून धुमसत राहते आणि दुसऱ्या दुपारीं वाऱ्यानें पुन्हां भडकते.

साधनांचेंहि तसेंच. अलीकडे आमच्या भागांत वनखातें पाचोळा उडविणारीं यंत्रें वापरतें. पंख्याच्या झोतानें पाचोळा बाजूस सारून तें क्षणांत पट्टा साफ करतें. यंत्र चांगलें आहे. परंतु आग लागून गेलेल्या कडेवर तें चुकीच्या बाजूनें धरलें तर ठिणग्या पुढच्या गवतांत उडतात. म्हणजे यंत्रासहि शिकलेला हात हवा. समोरून दुसरी आग लावून येणारी आग संपविणें, ही तर शेवटच्या इयत्तेची विद्या; ती अर्धवट शिकलेल्यानें वापरणें म्हणजे एका वणव्याचे दोन करणें.

हें शिकवावयाचें कोणीं? चंद्रपूरला वन अकादमी आहे. तेथें राज्याच्या वनाधिकाऱ्यांना शिक्षण मिळतें. तिचीं दारें ग्रामसभांच्या तरुणांसाठीं, आणि विशेषतः मोहा वेंचणाऱ्या बायांसाठीं, दर हिंवाळ्यांत आठवडाभर तरी उघडावींत. त्या बायांना मी विसरत नाहीं. कारण वणवा विझविण्याहून तो न लागूं देणें स्वस्त, आणि तें त्यांच्याच हातीं आहे. मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजीं झाडून गोळा करणें, झाडाखालीं जाळी पसरणें, जाळावयाचाच तर भोंवतीं जागा मोकळी करून पहांटे जाळणें व विझेपर्यंत तेथेंच थांबणें, हे लहान उपाय आहेत. शिकविणाऱ्यांत वनाधिकाऱ्याबरोबर गांवचा एक जाणता म्हाताराहि असावा. १९८४ सालीं मला ज्यांनीं ओढून काढलें, त्यांच्यासारखीं माणसें अजून आहेत. पण तीं आतां थोडीं राहिलीं आहेत, आणि त्यांची विद्या कोणीं लिहून घेतलेली नाहीं.

आणि एक कटु गोष्ट. स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ फुकट राबणारा असा होऊं नये. जुन्या अमलांत त्याला वेठ म्हणत. जो माणूस आपली मजुरी बुडवून आगीवर जातो, त्याला त्या दिवसाची मजुरी, प्यावयास पाणी, पायांत बूट, आणि कांहीं बरेंवाईट झालें तर घरच्यांना विम्याची रक्कम, येवढें तरी मिळालेंच पाहिजे. यांत उपकाराचा भाग नाहीं. त्यानें जें राखलें त्याचा उपभोग आपण सर्व घेत असतों. आपल्या दाराची चौकट आणि वैनगंगेला येणारें पाणी यांत त्याचा वांटा आहे. ताडोब्याला सुटींत वाघ पाहावयास जाणाऱ्या कुटुंबांनीं तर हें आवर्जून ध्यानीं घ्यावें. जीपमधून टाकलेलें एक थोटूक त्या गांवच्या तरुणांना उभ्या उन्हांत डोंगर चढावयास लावतें.

तर, वणवा कोणीं विझवावा? १८६४ सालीं उत्तर होतें, खात्यानें. १९२७ च्या कायद्यानें उत्तर दिलें, ज्याला हक्क आहे त्यानें, आणि न विझविल्यास त्याला शिक्षा. २००९ सालीं मेंढ्याच्या माणसांनीं उत्तर दिलें, आम्ही विझवूं, कारण रान आमचें आहे. दीडशें वर्षांच्या इतिहासांतून मला तरी हें तिसरें उत्तरच खरें वाटतें. मात्र तें उत्तर देणाऱ्यांना विद्येवांचून आगीवर धाडणें हें पाप आपल्या माथीं येऊं नये. येत्या माघांत जाळरेषा साफ होऊं लागतील, त्याच वेळीं प्रत्येक वनगांवांत हे पांच पाठ दिले जावेत, अशी माझी सर्व संबंधितांना विनंति आहे. एका म्हाताऱ्या मास्तराला शेवटीं शाळाच आठवते, याबद्दल श्रोत्यांनीं क्षमा करावी.